पारडू गेल्यावर म्हैस पान्हा चोरते, तेव्हा बिघाड नसेचा की हार्मोनचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दुसऱ्या वेताची मुऱ्हा म्हैस, व्यायल्यावर आठव्या दिवशी पारडू गेलं. आता ती आंबोण खाते, रवंथ करते, अंगात ताप नाही, कास भरलेली दिसते, पण धारेला बसलं की कपभर दूध देते आणि थांबते. गावातला एकजण रोज इंजेक्शन टोचायला सांगतोय. बारावीतला भाऊ म्हणतो हा हार्मोनचा विषय आहे, वडील म्हणतात तिच्या मनाचा आहे. बरोबर कोण आणि इंजेक्शन द्यावं का?

तुमचा भाऊ आणि वडील, दोघंही बरोबर आहेत, पण अर्धे अर्धे. आणि इंजेक्शन रोज देऊ नका. का ते नीट सांगतो, थोडं लांबेल पण वाचा, कारण आतलं काम एकदा कळलं की गोठ्यात काय करायचं ते तुमचं तुम्हालाच सुचेल.

आधी ते कपभर दूध कुठून येतं ते बघू. कासेत दूध दोन ठिकाणी असतं. सडाच्या वर एक मोकळी पोकळी असते, तिथलं दूध सड ओढला की सरळ खाली येतं, त्याला पान्ह्याची गरज नाही. बाकीचं सगळं दूध वर बारीक बारीक पिशव्यांमध्ये साठलेलं असतं, जिथे ते तयार होतं तिथेच. गायीत साधारण वीस टक्के दूध खालच्या पोकळीत असतं, म्हशीत जेमतेम पाच टक्के. म्हणजे एका वेळेला पाच लिटर देणारी म्हैस असेल तर पान्ह्याशिवाय तुमच्या हाती येणार पाव लिटर. हेच तुमचं कपभर दूध. म्हशीच्या सडाचं तोंडही गायीपेक्षा घट्ट असतं, त्यामुळे गायीवर चालणारी ओढाताण म्हशीवर चालत नाही, नुसती दुखते. आणि म्हणूनच संकरित गाय सांभाळलेल्या माणसाला पहिली म्हैस घेतली की हा त्रास जास्त जाणवतो.

आता वरच्या पिशव्यांतलं दूध खाली कसं यायचं? प्रत्येक पिशवीभोवती स्नायूसारख्या आकसणाऱ्या पेशींचं जाळं असतं. ते आकसलं की पिशवी पिळली जाते आणि दूध नळ्यांतून खाली उतरतं. कास टणक होते, सड फुगतात, म्हैस मागचे पाय थोडे फाकवून शांत उभी राहते. हा पान्हा. यातली खरी गंमत अशी की या जाळ्याला मेंदूकडून हुकूम आणणारी नसच (म्हणजे नर्व्ह) नाही. आपला हात हलतो तो नसेने हलवलेला असतो, पण कासेतलं हे जाळं फक्त रक्तातून आलेल्या ऑक्सिटोसिन नावाच्या हार्मोनला उत्तर देतं.

मग नसेचं काम काय? सडाकडून मेंदूकडे जाण्याच्या वाटेवर सगळं काम नसेचंच आहे. सडाच्या कातडीत स्पर्श आणि दाब ओळखणाऱ्या नसांची टोकं असतात, पारडू ढुशी मारतं किंवा हात फिरतो तेव्हा तिथून निरोप मणक्यात आणि मणक्यातून मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये जातो. ऑक्सिटोसिन तयार करणाऱ्या पेशी तिथेच आहेत, आणि त्या पेशी स्वतः नर्व्हच्याच पेशी आहेत हे लक्षात घ्या. त्यांच्या लांब शेपट्या खाली पिट्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागात उतरतात, हार्मोन तिथे साठवलेलं असतं आणि विजेचा झटका शेपटीत पोचला की ते थेट रक्तात सुटतं. म्हणजे नस कुठे संपली आणि हार्मोन कुठे सुरू झालं हे वेगळं काढताच येत नाही, तीच पेशी नसही आहे आणि ग्रंथीही. तुमच्या भावाच्या पुस्तकात हे दोन वेगळे धडे असतील, जनावराच्या अंगात ते एकच काम आहे. सडापासून मेंदूपर्यंत निरोप वायरीने जातो, क्षणात पोचतो, आणि परत येताना कॅनॉलला सोडलेल्या पाण्यासारखा येतो, मेंदूतून हृदयाकडे, हृदयातून सगळ्या अंगात, आणि त्यातलं थोडं कासेत. म्हणून कास धुतल्यावर थांबावं लागतं. गायीला मिनिट-दीड मिनिट, म्हशीला दोन-तीन मिनिटं आणि एखादीला त्याहून बरीच जास्त. लोक ही दोन मिनिटं थांबत नाहीत, कोरडे सड ओढत बसतात, आणि मग म्हैस हट्टी आहे म्हणतात.

हे रक्तातूनच येतं हे अमेरिकेत एली आणि पीटरसन या दोघांनी १९४१ मध्ये दाखवलं. त्यांनी गायीच्या अर्ध्या कासेच्या नसा कापल्या, तरी पान्हा दोन्ही बाजूंना आला. आणि दुसरं जे केलं ते तुमच्या कामाचं आहे. धारेच्या वेळी गायीच्या पाठीवर मांजर ठेवलं आणि जवळ कागदी पिशव्या फोडल्या, गाय घाबरली आणि दूध अडलं. त्यांनी त्याचा संबंध ॲड्रेनलिनशी, म्हणजे घाबरल्यावर सुटणाऱ्या हार्मोनशी जोडला. पुढे कळलं की अडवणूक दोन ठिकाणी होते. एक म्हणजे कासेत, ॲड्रेनलिनमुळे रक्तवाहिन्या आणि दुधाच्या नळ्या आवळतात, ऑक्सिटोसिन आलं तरी नीट पोचत नाही. दुसरं म्हणजे थेट मेंदूत, तिथून ऑक्सिटोसिन सुटतच नाही. पहिलारू जनावर, बाजारातून नवीन आणलेलं जनावर, गोठा बदललेलं जनावर, या सगळ्यांत बहुतेक वेळा दुसरा प्रकार असतो. तुमच्या म्हशीतही मला तोच दिसतोय. दूध बनतंय, कास भरतेय, ऑक्सिटोसिनही मेंदूत तयार पडलंय, फक्त ते सोडण्याचा इशारा मिळत नाही, कारण तिच्यासाठी इशारा म्हणजे पारडू होतं. त्याचा वास, त्याचं हुंगणं, त्याची ढुशी. म्हणून वडील म्हणतात ते "मनाचं आहे" अगदी खरं आहे, फक्त ते मन म्हणजे मेंदूतल्या नसांची लागलेली सवय, आणि सवय लावता येते तशी बदलताही येते.

किती बदलता येते ते कोल्हापुरात बघा. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशी भर रस्त्यात, गाड्यांच्या आवाजात, गिऱ्हाइकासमोर पान्हा सोडतात आणि लोक तिथेच उभं राहून धारोष्ण दूध पितात. तिकडच्या गवळ्यांची पंढरपुरी म्हैस यासाठी नावाजलेली आहे. तिला शांतता नाही लागत, तिला ओळखीचं लागतं. तोच माणूस, तीच वेळ, तीच हाक. गोठ्यात रेडिओ लावला की दूध वाढतं असं सांगतात, त्यात गाण्याचं काही नाही, रोज त्याच वेळी तोच आवाज आला आणि पाठोपाठ आंबोण आलं की तो आवाजच इशारा बनतो. कित्येक घरांत म्हैस फक्त वहिनीच्या हाताला दूध देते, वहिनी माहेरी गेली की दादा तिची साडी गुंडाळून धारेला बसतात आणि म्हैस पान्हा सोडते. वास आणि रंगरूप ओळखीचं, तेवढ्यावर मेंदूतलं दार उघडतं. म्हैस फसली असं मी म्हणणार नाही, तिला जो इशारा माहीत आहे तो मिळाला.

आता इंजेक्शनचं. ते काय करतं तर वायरीचा सगळा भाग बाजूला ठेवून सरळ रक्तात हेच ऑक्सिटोसिन ओततं. मिनिटा-दोन मिनिटांत दूध खाली, बघणाऱ्याला जादू वाटते. पण नैसर्गिक पान्ह्याला लागणारं ऑक्सिटोसिन अगदी कणभर असतं, आणि टोचलं जातं ते त्याच्या कितीतरी पट. रोज असं झालं की सडाच्या स्पर्शाचा आणि पान्ह्याचा संबंधच तुटतो. जनावराला नवीन इशारा कळतो, सुईचा. गायींवरच्या अभ्यासातही हेच दिसलंय की रोज ऑक्सिटोसिन दिलेल्या जनावराचं इंजेक्शन अचानक थांबवलं की आपणहून येणारा पान्हा कमी पडतो आणि कासेत दूध मागे राहतं. तुमच्या म्हशीचा बिघाडच नेमका इशाऱ्याच्या भागात आहे, आणि हे इंजेक्शन त्याच भागाला आणखी आळशी करतं. म्हणून माझा विरोध आहे.

त्याशिवाय ऑक्सिटोसिन फक्त कासेवर काम करत नाही, ते गर्भाशयालाही आकुंचन आणतं आणि माजाच्या चक्रातही त्याचा हात आहे. कालवडींना माजानंतरच्या पहिल्या आठवड्यात रोज ऑक्सिटोसिन टोचलं तर चक्र लवकर मोडतं हे १९५९ पासून माहीत आहे. दोन-दोन वेळा टोचलेल्या म्हशी पुढे उलटत राहतात, भरवली की पुन्हा माजावर, अशा तक्रारी घेऊन लोक येतात तेव्हा मी पहिला प्रश्न सुईचाच विचारतो. आणि ती बिनलेबलची बाटली! तिच्यात किती ताकदीचं काय आहे कोणालाच माहीत नाही, एकच सुई चार गोठ्यांत फिरते, मानेवर गाठी येतात, जनावर माणूस जवळ आला की थरथरायला लागतं, म्हणजे परत ॲड्रेनलिन.

कायद्याचंही माहीत असू द्या. प्राण्यांवरच्या क्रूरतेला आळा घालणाऱ्या १९६० च्या कायद्यात कलम १२ आहे. दूध वाढवण्यासाठी फुंका मारणं किंवा जनावराच्या तब्येतीला घातक असं काही टोचणं हा गुन्हा आहे, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि जनावर सरकारजमा. फुंका म्हणजे योनिमार्गात हवा फुंकून पान्हा आणायची जुनी रीत, गांधीजींनी दूध सोडलं त्यामागे या प्रकाराची चीड होती. शास्त्र बघाल तर तोही नसेचाच रस्ता आहे, गर्भाशयाचं तोंड ताणलं गेलं की मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं, व्यायच्या वेळी हेच घडतं. पण म्हणून ते चालवून घेण्यासारखं होत नाही, ते जनावराला यातना देणारं आहे आणि गर्भाशयात पू करणारं आहे. ऑक्सिटोसिन हे चिठ्ठीवर मिळणारं औषध आहे. बाळंतपणात रक्तस्राव थांबवून बायकांचे जीव ते वाचवतं, म्हणूनच २०१८ साली केंद्राने त्याच्या उत्पादनावर आणलेला निर्बंध दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरात रद्द केला. औषध वाईट नाहीये, त्याचा गोठ्यातला रोजचा वापर वाईट आहे.

एक उपप्रश्न नेहमी येतो, असं दूध प्यायल्याने मुलींना लवकर पाळी येते का. ऑक्सिटोसिन म्हणजे नऊ अमिनो आम्लांची छोटी साखळी आहे, पोटात गेल्यावर बाकी प्रथिनांसारखी तुटून पचते, आणि रक्तातही ते काही मिनिटांतच निम्म्यावर येतं. त्याचा पाळीशी संबंध जोडायला आधार नाही. नुकसान होतं ते म्हशीचं आणि तुमचं, पिणाऱ्याचं नाही.

मी स्वतः ऑक्सिटोसिन वापरतो का? वापरतो. कासदाहात सडलेलं दूध पूर्ण काढून टाकायचं असेल तेव्हा, किंवा तुमच्यासारख्या केसमध्ये अगदी सुरुवातीला एखाद-दोन वेळा. त्याचा एक फायदा असा की तपासणीही होते. टोचल्यावर दूध भडभडून आलं म्हणजे कास ठीक आहे, अडवणूक मेंदूत आहे. नाही आलं तर मामला वेगळाच आहे.

आणि हे वेगळे मामले आधी बघून घ्या. धारेआधी कास हाताने चाचपा, धारेनंतर परत चाचपा. आधी टणक आणि नंतरही तशीच टणक, तर पान्हा अडलाय. आधीच मऊ आणि लहान असेल तर दूध बनतच नाहीये, तिथे खुराक, पोटाचे विकार, व्यायल्यानंतरची अशक्तता बघावी लागेल. एखादा कप्पा गरम, लाल, दुखरा, दुधात गुठळ्या किंवा पाणी, तर कासदाह, त्यात पान्ह्याच्या भानगडीत पडू नका, त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. कान थंड, म्हैस सुस्त, मान वळवून बसलेली, तर कॅल्शियम घसरलंय, ती तर तासाभराचीही वाट बघण्यासारखी गोष्ट नाही.

घाई यासाठीही आहे की दूध कासेत तुंबून राहिलं की कास स्वतःच उत्पादन कमी करते. तुंबलेल्या दुधाचा दाब आणि दुधातलेच काही घटक त्या पेशींना थांबवतात. शिवाय धारेच्या वेळी प्रोलॅक्टिनसारखी दूध बनवायला लावणारी हार्मोनंही सुटतात, ते निमित्तही कमी होतं. आठ-दहा दिवस असंच चाललं तर म्हैस आटायला लागेल, आणि मग पान्हा परत आला तरी तेवढं दूध परत येईलच असं नाही.

तर करायचं काय. पारडू हा इशारा गेला, त्याजागी दुसरा बसवायचा. धारेला बसणारा माणूस एकच ठरवा, शक्यतो तिला आधीपासून ओळखीचा, आणि निदान पंधरा दिवस तो बदलू नका. वेळ पक्की, सकाळी साडेपाच तर साडेपाचच. जागा तीच, दावं तेच. आंबोण आधी देऊन टाकू नका, ते धारेच्या वेळेसाठी राखून ठेवा, बादलीचा आवाज, हाक, मग आंबोण समोर, आणि ती खायला लागली की कासेला हात. खाताना पान्हा लवकर उतरतो, आणि जिचं पारडू गेलंय अशा म्हशीत याइतका भरवशाचा उपाय मला दुसरा माहीत नाही. कास कोमट पाण्याने धुवा, कोरड्या फडक्याने पुसा, आणि मग सडांना आणि कासेच्या मागच्या भागाला हाताने हळूहळू, पारडू ढुशा देतं तसं वर ढकलत चोळा. दोन मिनिटं, तीन मिनिटं, पहिले काही दिवस पाच-सात मिनिटंसुद्धा. सड फुगेपर्यंत ओढायचं नाही. फुगले की मात्र एक क्षण घालवू नका, पूर्ण मुठीने भराभर काढा, मध्येच फोन घेऊ नका, कारण ऑक्सिटोसिन काही मिनिटांचंच आहे, ते ओसरलं की पिशव्या सैल पडतात आणि उरलेलं वरच राहतं. अंगठा मुडपून धार काढायची सवय असेल तर ती सोडा, सडाला इजा होते आणि दुखलं की पुढच्या वेळी ती आधीच आवळून बसते.

त्या वेळात गोठ्यात ओरडाआरडा नको, काठी नको, कुत्रं नको, अनोळखी माणूस नको. मागचे पाय करकचून बांधून धार काढणं म्हणजे आपणच तिला घाबरवणं. लाथ मारत असेल तर सडाला चीर किंवा जखम आहे का बघा, बऱ्याचदा तेच असतं.

दुसऱ्याचं पारडू लावून बघायचं असेल तर बघा, पण व्यायल्यापासूनच्या पहिल्या काही तासांत म्हैस परकं पिल्लू जितकं सहज घेते तितकं आता घेणार नाही. मेलेल्या पारड्याच्या कातड्यात भुसा भरून समोर ठेवतात ते मी करू देत नाही, थोडे दिवस वासाने चालतं, मग कातडं कुजतं, माश्या होतात, आणि इशारा परत एकदा हातातून जातो.

सुरुवातीला दूध कमी निघेल, रोज थोडं थोडं पुढे सरकेल. बहुतेक म्हशी आठवड्या-दोन आठवड्यांत नवीन इशारा धरतात. काही धरत नाहीत, त्यांचं हे वेत कमी दुधावर जातं, हेही आधीच सांगून ठेवतो. तुम्ही इंजेक्शन आधीच सुरू केलं असेल तर एकदम तोडू नका, जवळच्या पशुवैद्यकाला खरं सांगा, ते मात्रा उतरवत नेतील आणि त्याच्याबरोबर हा सगळा क्रम चालवायचा, नुसती मात्रा कमी करून काही होत नाही.

पुढच्या वेतासाठी दोन गोष्टी. गाभण असताना शेवटचा महिना-दीड महिना रोज तिच्या अंगावरून, कासेवरून हात फिरवा, धार मात्र काढू नका, आणि ज्या जागी धार काढायची तिथेच बांधायची सवय लावा. आणि व्यायल्यावर पारड्याला पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवून चीक काढून बाटलीने पाजायचा विचार करा, पहिल्या दोन तासांत पोटभर चीक गेलाच पाहिजे ही अट सांभाळून. अशा म्हशीचा पान्हा सुरुवातीपासून माणसावर आणि आंबोणावर बसतो, पारड्यावर नाही. तुमच्याकडे दोनच जनावरं असतील आणि पारड्याला थेट पाजणंच सोयीचं असेल तरी हरकत नाही, फक्त पारडू सोडायच्या आधी बादली, हाक, आंबोण हा क्रम रोज ठेवा, म्हणजे एक इशारा गेला तरी दुसरा हाताशी राहतो.

चार दिवसांनी कास धारेआधी आणि धारेनंतर कशी लागते आणि किती दूध निघालं ते लिहून कळवा, त्यावरून पुढचं ठरवू.